ब्लेंडर चांगला, पुस्तिका टाकून द्या

छोटा ब्लेंडर हवा असेल तर हा घ्यायला हरकत नाही. यंत्र म्हणून माल चोख आहे. ज्या बाटलीत फिरवायचं त्याच बाटलीतून प्यायचं. खालचं पात्याचं झाकण काढून तोटीचं झाकण लावलं की काम झालं. फक्त हा ब्लेंडर विकला जातो तो 'वजन घटवणारा' म्हणून, आणि खोक्यात त्याच्यासोबत पाककृतींची एक गुळगुळीत पुस्तिका येते. माझं भांडण आहे ते त्या पुस्तिकेशी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मैत्रिणीने घेतलेल्या दुसऱ्या कंपनीच्या ब्लेंडरमध्येही जवळजवळ याच पाककृती निघाल्या, फक्त फोटो वेगळे.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. बऱ्याचदा रात्रपाळी असते. सकाळी घरी पोचते तेव्हा पोटात कावळे ओरडत असतात आणि हातात चमचा धरायचंही त्राण नसतं. अशा वेळी समोर दिसेल ते तोंडात जातं, आणि गेली काही वर्षं माझं वजन त्याच वाटेने वाढत होतं. दोन मिनिटांत तयार होईल, झोपण्यापूर्वी जड होणार नाही आणि मोजूनमापून घेता येईल असं काहीतरी हवं होतं, म्हणून हे घेतलं. शिवाय मोजल्याशिवाय आकडा लिहायचा नाही ही कामाची सवय. स्वयंपाकघरात डिजिटल काटा आधीपासूनच होता.

आधी यंत्राचं बोलू. मोटर 300 वॅटची. मऊ फळं, दही, भिजवलेले ओट्स यांचं अर्ध्या-पाऊण मिनिटात छान एकजीव होतं. बर्फाचे मोठे खडे मात्र याला झेपत नाहीत. थंड हवं असेल तर फळांचेच तुकडे करून फ्रीझरमध्ये ठेवावेत, ते सुरळीत फिरतात. सलग एक मिनिटाच्या वर चालवू नका असं माहितीपत्रकात छापलंय ते खरं मानावं. मी ताणून पाहिलं तर तळाशी जळकट वास यायला लागला. आवाज बेताचा वगैरे काही नाही. सकाळी घरात कुणी झोपलेलं असेल तर शिव्या ठरलेल्या.

सगळ्यात कटकटीची गोष्ट म्हणजे पात्याच्या झाकणातला रबरी वायसर. त्याच्या खाली चियाच्या बिया जाऊन बसतात. नळाखाली झाकण धरलं की वरून लख्ख दिसतं, पण वायसर उचलला की खाली फुगलेल्या, बुळबुळीत बियांची एक ओळ असतेच. तशाच राहिल्या की दोन दिवसांत आंबूस वास. चमच्याच्या दांड्याने वायसर उचकटून बाहेर काढायचा, धुवायचा, पूर्ण वाळला की मगच परत बसवायचा. एवढं करायचा कंटाळा असेल तर चिया नंतर वरून घालून ढवळा.

आता बाटली. ती 600 मिलीची आहे, आणि इथे खरी गोम आहे. माल अगदी थोडा टाकला तर तो कडांना चिकटतो आणि पातं रिकामंच गरगरत राहतं. मग आपण अजून थोडं दूध ओततो, अर्धं केळं वाढवतो. नीट फिरायला लागेपर्यंत बाटली अर्ध्याच्या वर गेलेली असते. वर 'मॅक्स' अशी ठळक रेघ आहे, आणि पुस्तिकेतली प्रत्येक पाककृती त्या रेघेपर्यंत भरेल अशाच बेताने लिहिलेली आहे, एका माणसासाठी. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा फळांचा रस आणि स्मूदी मिळून दिवसाला 150 मिलीच्या वर जाऊ नका असं सांगते. तो सल्ला फळांच्या स्मूदीतल्या साखरेमुळे आहे, दही-ओट्सच्या जेवणाला तो जसाच्या तसा लावता येणार नाही; पण 150 कुठे आणि 600 कुठे!

पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर 'फॅट बर्नर' नावाची स्मूदी आहे. दोन केळी, 300 मिली साय न काढलेलं दूध, दोन मोठे चमचे पीनट बटर, एक मोठा चमचा मध, 40 ग्रॅम ओट्स. काटा काढला आणि बेरीज केली. दोन मध्यम केळ्यांच्या 210 कॅलरी, दुधाच्या 190 च्या आसपास, पीनट बटरच्या तेवढ्याच, मधाच्या 60-65, ओट्सच्या 150. एकूण 800. नाव फॅट बर्नर! यात वाईट पदार्थ एकही नाही, उलट प्रथिनं 25 ग्रॅमपर्यंत जातात. आजारातून उठलेल्या किंवा वजन वाढवायला निघालेल्या माणसाला मी ही पाककृती आनंदाने लिहून देईन. पण वजन कमी करायला निघालेल्या बाईने हे न्याहारी म्हणून प्यायचं, आणि परत दुपारी नेहमीसारखं जेवायचं?

चरबी 'जाळणारं' असं कुठलंही फळ नाही, बी नाही, पानही नाही. दिवसभरात खर्चापेक्षा कमी आत गेलं की शरीर साठ्यातून घेतं, एवढाच हिशोब. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7,700 कॅलरी, त्यामुळे हा हिशोब आठवड्यांचा असतो, एका ग्लासाचा नसतो. पुस्तिकेत मधाला 'नैसर्गिक गोडवा, साखर नाही' म्हटलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत मध आणि फळांचे रस हे वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत बसवलेले आहेत, आणि ही सगळी साखर एकूण कॅलरींच्या 10 टक्क्यांच्या आत, जमल्यास 5 टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलंय. एका मोठ्या चमचाभर मधात 17 ग्रॅम साखर असते.

चौथ्या पानावरची 'ग्रीन डीटॉक्स' याच्या बरोबर उलट्या टोकाला. सफरचंद, काकडी, 75 ग्रॅम पालक आणि पाणी म्हणून 250 मिली संत्र्याचा रस. कॅलरी 240 च्या आसपास, म्हणजे दिसायला उत्तम. प्रथिनं जेमतेम 5 ग्रॅम. हे पिऊन मी झोपायला गेले की तास-दीड तासात भुकेने जाग यायची, आणि त्यानंतर जे खाल्लं जायचं त्याचा हिशोब पुस्तिकेत कुठून असणार? डीटॉक्स, म्हणजे शरीरातली घाण बाहेर काढणं, या शब्दावर मी काही बोलत नाही. यकृत आणि मूत्रपिंडं ते काम पगार न घेता करतात, त्यांचे रिपोर्ट मी रोज छापते.

पालकाचं मात्र बोलायला हवं. लघवीच्या तपासणीत सूक्ष्मदर्शकाखाली कधी कधी कॅल्शियम ऑक्झलेटचे (बहुतेक मुतखडे याचेच असतात) स्फटिक दिसतात, टपालाच्या बंद पाकिटासारखे, चौकोनात फुली मारलेली. थोडेफार कुणालाही दिसू शकतात, घाबरायचं कारण नाही. पण कच्च्या पालकात ऑक्झलेट भरपूर असतं, आणि ग्लासात घातलं की ताटात कधी घेतला नसता एवढा पालक आपण रोज सहज पितो. हिरव्या स्मूदीचा अतिरेक करून मूत्रपिंडं बिघडल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. ज्यांना मुतखडा होऊन गेलाय किंवा मूत्रपिंडाचा काही त्रास आहे त्यांनी हे पान उघडूच नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तरी जेवणाच्या जागी स्मूदी सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण डोस त्या जेवणाच्या अंदाजाने ठरलेला असतो.

'ब्लेंडरमध्ये फायबर मरतं' असं छातीठोकपणे सांगणारेही खूप भेटले. तसं नाही. ज्यूसर चोथा बाजूला टाकतो, ब्लेंडर तो बारीक करून ग्लासातच ठेवतो. ब्लॅकबेरीसारख्या बियांच्या फळाचं तर आणखी गमतीशीर आहे. 2022 च्या एका छोट्या प्रयोगात सफरचंद आणि ब्लॅकबेरी एकत्र फिरवून प्यायलेल्या तरुणांची रक्तातली साखर, तीच फळं चावून खाल्ली तेव्हापेक्षा कमी चढली. बिया दळल्या गेल्याने त्यातलं फायबर मोकळं होत असावं, असा त्यामागचा अंदाज. तेव्हा ब्लेंडरला उगाच बदनाम करू नका.

अडचण आहे ती वेगाची. 1977 साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता. दहा निरोगी माणसांना सफरचंदं तीन रूपांत दिली: अख्खी, लगदा करून आणि रस काढून. कर्बोदकं तिन्हींत सारखीच. रस अख्ख्या फळापेक्षा अकरापट वेगाने संपला, लगदा त्याच्या अधेमधे. पोट भरल्याची भावनाही त्याच क्रमाने: फळाला जास्त, लगद्याला कमी, रसाला सगळ्यात कमी. पुढे 2009 मध्ये आणखी एका प्रयोगात जेवणाआधी अख्खं सफरचंद खाल्लेल्यांच्या पोटात, सफरचंद धरूनसुद्धा, एकूण 15 टक्के कमी कॅलरी गेल्या. लगदा आणि रस यांना ते तितकं जमलं नाही. स्मूदी म्हणजे तो मधला लगदाच, फक्त तोटीतून ओढायचा.

म्हणून मी ते तोटीचं झाकण कपाटात ठेवून दिलंय. स्मूदी घट्ट करते, वाटीत ओतते आणि चमच्याने खाते. वरून थोडे न दळलेले ओट्स किंवा सफरचंदाचे तुकडे टाकते, म्हणजे चावावं लागतं. तोटीतून दोन मिनिटांत संपणारा ऐवज वाटीतून सावकाश पुरतो.

मोठ्या जाऊबाईंचा फोन आला होता मध्ये. माझं ऐकून त्यांनीही हाच ब्लेंडर घेतलाय. "अगं, रोज न चुकता स्मूदी पितेय, वजन ढिम्म हलत नाही. बिघडलेला तर नाही ना दिला मला?" मी विचारलं, "वहिनी, कधी पिता?" तर म्हणाल्या, "न्याहारी झाल्यावर. औषधासारखी." आता या वाक्यावर काय बोलणार! दोन केळी, दूध, मध आणि त्याच्या आधी पूर्ण न्याहारी. मी म्हटलं, वहिनी, न्याहारीच्या जागी घ्या, न्याहारीच्या वर नको. त्यावर "मग जेवणापर्यंत कशी राहू?" हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. पुस्तिकेत त्याचं उत्तर नाही. उत्तर आहे प्रथिनं आणि चोथा.

माझं सध्या चालू आहे ते असं: 150 ग्रॅम बिनसाखरेचं, कमी स्निग्धांशाचं ग्रीक योगर्ट, अर्धं केळं, 100 ग्रॅम स्ट्रॉबेरी, 20 ग्रॅम ओट्स, एक मोठा चमचा चिया, 150 मिली पाणी. 300 च्या आसपास कॅलरी, 20 ग्रॅमच्या जवळ प्रथिनं, 9 ग्रॅम फायबर. केळं गोडीपुरतं. दही नको असेल तर प्रथिनांची पावडर घाला, पण डब्याच्या मागची साखरेची ओळ वाचून. मध नाही, रस नाही. पीनट बटर कधी घालावंसं वाटलं तर काट्यावर वाटी ठेवून; त्याचा 'चमचा' प्रत्येकाच्या हातात वेगळा असतो आणि डोंगर करून घेतला की 100 कॅलरींचा फरक सहज पडतो.

ही वाटी घेऊन झोपले की दुपारपर्यंत निवांत झोप लागते. कमरेचा पट्टा एक भोक आत आलाय. त्याचं श्रेय मी सगळंच ब्लेंडरला देणार नाही. पहाटे चारला लॅबमध्ये चहासोबत जी बिस्किटं जायची ती मी त्याच सुमारास बंद केली. पण सकाळी घरी गेल्यावर काय खायचं ते ठरलेलं असलं की बिस्किटं सोडणं सोपं जातं, हे मात्र खरं.

पुस्तिकेच्या मलपृष्ठावर 'द्रव आहाराने वजन घटतं हे विज्ञानाने सिद्ध' असं एक वाक्य आहे. त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' अभ्यासात टाइप 2 मधुमेहाच्या रुग्णांना 3 ते 5 महिने सगळ्या जेवणांऐवजी दिवसाला 825 ते 853 कॅलरींचा तयार आहार दिला होता. 2017 मध्ये निकाल आला तेव्हा वर्षअखेरीस त्यांतल्या 46 टक्के लोकांचा मधुमेह आटोक्यात, औषधाविना होता. पण ती जीवनसत्त्वं-क्षार मोजून घातलेली पाकिटं होती, वर प्रशिक्षित माणसांची देखरेख होती आणि नंतर साधं जेवण हळूहळू परत सुरू करून दिलं होतं. त्या लोकांच्या जवळजवळ अख्ख्या दिवसाच्या कॅलरी या पुस्तिकेतला फॅट बर्नर एका बाटलीत संपवतो.

घ्यावा कुणी? एकट्यापुरतं लागतं, वेळ कमी आहे, एका जेवणाच्या जागी काहीतरी मोजून घ्यायचंय, अशांनी जरूर घ्यावा. ज्यांना सकाळी बसून चावून खायला वेळ आहे त्यांनी तेच दही, तेच ओट्स, तेच फळ वाटीत घेऊन खावं. ब्लेंडरने त्यात काही भर पडत नाही, वायसर धुवायचं काम तेवढं वाढतं. ज्यांना वाटतं की जेवण तसंच ठेवून वर एक ग्लास प्यायला की काम होईल, त्यांनी घेऊ नये. घेतलाच तर याच ब्लेंडरची 400 मिलीची बाटली वेगळी मिळते ती मागवा, तिच्यात थोडा माल नीट फिरतो आणि उगाच दूध वाढवावं लागत नाही. सोबत एक जादा वायसर मागवायला विसरू नका. माझा आत्ताच कडेने सैल व्हायला लागलाय.