स्विमिंग पूलवरचे डाग: भरल्या पाण्यात काढायचे, की पूल रिकामा करून अ‍ॅसिड मारायचं?

गेल्या महिन्यात मिरजेहून मावसभावाचा फोन आला. "दादा, पूल पार तांबडा पडलाय. एकजण म्हणतोय, पाणी काढा, अ‍ॅसिड मारून दोन दिवसांत चकाचक करून देतो. उद्या बोलवू का त्याला?"

"आधी मेडिकलमधून व्हिटॅमिन सीची साधी गोळी आण," मी म्हटलं. "त्या माणसाला दोन दिवस थांब म्हण."

आमचा स्वतःचा पूल तासगाव रस्त्याला द्राक्षबागेच्या कडेला आहे. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद, सरासरी चार फूट खोल, म्हणजे साधारण ६०,००० लिटर पाणी. पाण्याच्या रेषेला निळी काचेची मोझॅक, खाली सिरॅमिक फरशी. पहिल्याच वर्षी आम्हीही असंच एकाला बोलावलं आणि पूल रिकामा करून दिला. त्याने बाटलीतलं अ‍ॅसिड पाणी न घालता तसंच भिंतीवर ओतलं. डाग गेले, पण फरशीच्या सांध्यांमधलं सिमेंटही त्याच्याबरोबर गेलं. पुढच्या दिवाळीपर्यंत खोल बाजूच्या फरश्या सुटायला लागल्या. म्हणून कुणी विचारलं की मी आधी एकच विचारतो: डाग कशाचा आहे ते बघितलं का?

ते बघायला खर्च नाही. गोळी डागावर धरायची आणि अंगठ्याने अर्धा मिनिट दाबून ठेवायची. गोळीखालचा गोल उजळला, तर डाग धातूचा. तांबूस-तपकिरी असेल तर लोखंड, निळा-हिरवा असेल तर तांबं, जांभळट काळा असेल तर बहुधा मँगनीज. गोळीने काहीच फरक पडला नाही, तर जुन्या मोज्यात थोडी क्लोरीनची पावडर बांधून दुसऱ्या जागी डागावर ठेवायची. तिथे उजळलं तर डाग पानाफुलांचा किंवा शेवाळाचा. गोळी आणि ही पावडर मात्र एकमेकांजवळ येऊ देऊ नका. व्हिटॅमिन सी आणि क्लोरीन कोरडे एकत्र आले की जोरात तापतात.

राहिला पांढरा थर. तो चाकूच्या टोकाने थोडा खरवडून बशीत घ्यायचा आणि वर पातळ केलेल्या अ‍ॅसिडचे दोन थेंब टाकायचे. फसफसला तर तो चुन्याचा क्षार, अ‍ॅसिडने निघणारा. गप्प बसला तर सिलिकेटचा थर, तो अ‍ॅसिडला फारशी दाद देत नाही. तो घासूनच काढावा लागतो आणि वेळ खातो.

मावसभावाची गोळी ठेवलेली जागा पाच रुपयाच्या नाण्याएवढी स्वच्छ पांढरी झाली. म्हणजे लोखंड. त्याचं सगळं पाणी बोअरचं आहे, आणि केसिंगचा पाइप जुना.

आता दोन मुख्य रस्ते समोर ठेवतो.

भरल्या पाण्यातच काढायचं असेल तर एस्कॉर्बिक अ‍ॅसिडची पावडर वापरतात, म्हणजे तेच व्हिटॅमिन सी. दर हजार लिटरला साधारण १२ ग्रॅम, म्हणजे आमच्या मापाच्या पुलाला सव्वासातशे ग्रॅमच्या आसपास. आधी क्लोरीन टाकणं बंद करून दोन-चार दिवस उन्हाने तो शून्यावर येऊ द्यायचा, नाहीतर क्लोरीन आणि पावडर एकमेकांना संपवतात आणि डाग तिथेच राहतो. मग पंप चालू ठेवून काठाकाठाने पावडर सोडायची. लोखंडाचा डाग अर्ध्या तासात फिका पडायला लागतो, हे डोळ्यांनी दिसतं. तांब्याला कधी दुसरा डोस लागतो, कधी सायट्रिक अ‍ॅसिड जास्त लागू पडतं. डाग गेला म्हणजे धातू गेला असं मात्र नाही, तो पाण्यात विरघळलेला असतो. म्हणून लगेच धातू बांधून ठेवणारं रसायन, दुकानात सिक्वेस्ट्रंट म्हणून मिळतं ते, घालायचं. क्लोरीन हळूहळू, काही दिवसांत वर न्यायचा. घाईने एकदम डोस मारला तर सगळं लोखंड पुन्हा भिंतीवर येऊन बसतं. या सगळ्या दिवसांत पाण्यात क्लोरीन नसतो, म्हणून कुणालाही उतरू द्यायचं नाही, पोरं कितीही मागे लागली तरी.

दुसरा रस्ता रिकामा करून अ‍ॅसिड वॉश. याची मोठी बाजू म्हणजे वेग आणि एकसारखेपणा. लोखंड, चुना, थोडंफार शेवाळ, सगळं एका दिवसात निघतं, आणि पाणी बदललं की धातूही बाहेर जातो. वर्षानुवर्षांचा जाड थर असेल, तर भरल्या पाण्यातला उपाय पुरा पडत नाही, हे मी मान्य करतो. पण त्याची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते.

पहिली पाण्यात. ६०,००० लिटर म्हणजे दहा हजार लिटरचे सहा टँकर किंवा पाच हजार लिटरचे बारा. एप्रिल-मेमध्ये जत किंवा कवठेमहांकाळकडे हा प्रश्न फक्त पैशांचा राहत नाही. गावात पिण्याला टँकर येत असताना पूल ओतून देणं मला तरी जमत नाही.

दुसरी किंमत जमिनीत, आणि ती सांगलीत लोकांना माहीतच नसते. पूल भरलेला असतो तेव्हा आतलं पाणी त्याला खाली दाबून धरतं. रिकामा केला आणि बाहेर जमिनीत पाणी वर असलं, तर ते पूलाला खालून ढकलतं. तळाला भेगा पडतात, फरशी फुगून वर येते. कृष्णा-वारणेच्या काठावर, काळ्या मातीत, पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत पूल अजिबात रिकामा करू नये. उन्हाळ्यात कोरडं वाटलं तरी कालव्याचं पाणी सुटलं की शेजारच्या विहिरी भरतात. साधी खूण सांगतो: जवळच्या विहिरीत डोकावून बघा. तिथलं पाणी तुमच्या पुलाच्या तळापेक्षा वर असेल, तर पाण्याला हात लावू नका. काळी माती फुगते आणि आकसते, हा ताण वेगळाच. मुरमावर किंवा खडकावर बांधलेला पूल, साताऱ्याकडे डोंगरउतारावर असतात तसा, यात बराच सुरक्षित असतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात ज्यांच्या पुलात गाळ भरला, त्यांच्यासाठी एवढंच: गाळ वाळू देऊ नका, ओला असतानाच सैल करून उपसा, आणि पूर ओसरल्या ओसरल्या तळ मोकळा करू नका.

तिसरी किंमत फरशीत. सिरॅमिकच्या वरच्या चकाकीला हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड सहसा काही करत नाही. ते सांध्यांतलं सिमेंट खातं आणि तिथून खालच्या मसाल्यात उतरतं. फरशी वरून नवी दिसते आणि आतून पोकळ होते. करायचंच असेल तर आधी सगळी भिंत पाण्याने चिंब भिजवायची, म्हणजे सांधे अ‍ॅसिड ओढत नाहीत. एक भाग अ‍ॅसिड, दहा भाग पाणी. अ‍ॅसिड नेहमी पाण्यात ओतायचं, अ‍ॅसिडवर पाणी कधीही नाही. एका वेळी हात पोचेल एवढाच पट्टा घ्यायचा, मिनिटभरात ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवायचा. स्टीलची शिडी आधी काढून ठेवायची, तिला बारीक खड्डे पडतात. तळाशी साठलेल्या पाण्यात धुण्याचा सोडा टाकत राहायचं, फसफस थांबेपर्यंत. त्याआधी ते ओढ्यात सोडायचं नाही.

आणि माणसं. रिकामा पूल हा खड्डा असतो, अ‍ॅसिडची वाफ त्यात खाली साठते. तोंडाला रुमाल बांधल्याने ती थांबत नाही. अ‍ॅसिडसाठीचा फिल्टर असलेला मास्क, गॉगल, गमबूट, जाड रबरी हातमोजे, आणि वर काठावर दुसरा माणूस, एवढं नसेल तर काम सुरू करू नका. त्याच दिवशी आसपास क्लोरीनची पावडर किंवा टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, असता कामा नये. दोन्ही भेटले की क्लोरीन वायू सुटतो आणि खड्ड्यातल्या माणसाला पळायला जागा नसते. कामाला येणारी पोरं बहुतेक वेळा चपलेवर येतात. त्यांना बूट देणं हे पूलमालकाचं काम आहे.

माझा निवाडा स्पष्ट आहे. गोळीने डाग उजळत असेल, तर आधी भरल्या पाण्यात. क्लोरीनने उजळत असेल, तर क्लोरीन वाढवून नायलॉनच्या ब्रशने रोज घासायचं, अ‍ॅसिडचा विचारच नको. सांध्यांमध्ये घट्ट बसलेले काळे ठिपके मात्र चिवट असतात. ते काळं शेवाळ सांध्याच्या आत रुजतं, त्याला दिवसच लागतात. रिकामा करून अ‍ॅसिड फक्त जाड क्षारासाठी, आणि तेही सांधे शाबूत असतील आणि विहिरीचं पाणी खोल असेल तरच.

बहुतेक लोकांचं खरं दुखणं मात्र संपूर्ण पूल नसतं, पाण्याच्या रेषेवरचा पट्टा असतो. त्यासाठी पाणी एक वीत खाली केलं की पुरतं. हा पट्टा दोन गोष्टींचा असतो: वर तेल, खाली क्षार. खोबरेल लावून आलेली मुलं, सनस्क्रीन, अंगाचा मळ, हे सगळं रेषेला चिकटतं. लोक थेट अ‍ॅसिड लावतात आणि ते तेलावरून घरंगळून जातं. आधी धुण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून काथ्याने घासा, बोटाला चिकटपणा लागेनासा झाला की धुवा, मगच क्षाराकडे वळा. क्षाराला इथे हायड्रोक्लोरिकपेक्षा सल्फॅमिक अ‍ॅसिडची पावडर बरी. वाफ कमी, हाताळायला सोपी.

घासायला काय घ्यायचं, यात फरशीचा प्रकार बघा. कडक सिरॅमिकवर ओला प्युमिस दगड चालतो, क्षार चांगला सोलून काढतो. काचेच्या मोझॅकवर तोच दगड बारीक चरे पाडतो, आणि पुढच्या वेळी क्षार त्याच चऱ्यांत जाऊन बसतो. फायबरच्या पुलावरही नको. तारेची घासणी कुठेच नको, तिचे तुटलेले तुकडे पाण्यात गंजून नवे डाग देतात. प्रेशर वॉशर झटपट वाटतो, पण आधी रुपयाच्या नाण्याने फरशा ठोकून बघा. जिथे पोकळ वाजेल तिथे झोत मारला की फरशी सुटणार. पसरट नोझल, फूटभर अंतर, आणि झोत सांध्यावर रोखायचा नाही.

फरशी बदलायची कधी? नाणं निम्म्या भिंतीवर पोकळ वाजत असेल तर. किंवा साफ करून वाळवल्यावर फरशीच्या तोंडावर टाकलेला पाण्याचा थेंब आत शोषला जाऊन काळपट डाग दिसत असेल, तर वरची चकाकी गेली, पुढे कितीही घासा. नवी घेताना भिंतीची साधी सिरॅमिक घेऊ नका. ती वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी पिते, पोर्सेलीन ०.५ टक्क्यापेक्षा कमी. सांध्यांना इपॉक्सी ग्राउट महाग पडतं आणि लावायला कसबी माणूस लागतो, पण सिमेंटसारखं अ‍ॅसिडला वितळत नाही. खर्च वाचवायचा तर निदान पाण्याच्या रेषेला तरी इपॉक्सी भरा.

डाग काढून पाणी तसंच ठेवलं, तर सहा महिन्यांत पुन्हा हेच. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या टाकीत घालतात ती टीसीएल पावडर पुलातही सर्रास टाकतात, कारण ती स्वस्त. पण तिच्यात चुना भरपूर असतो. आधीच जड बोअरचं पाणी, त्यात चुना, वर एप्रिलचं ऊन. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो. टीसीएलच वापरायची तर रात्री बादलीत कालवून ठेवा आणि सकाळी फक्त वरची निवळी पुलात सोडा, खालचा चुना नको. द्रव हायपोक्लोराइटमध्ये हा चुना नसतो, पण ते उन्हात ठेवलं की ताकद उतरते. क्लोरीनच्या ट्रायक्लोर गोळ्यांमध्येही चुना नसतो, मात्र त्या पाणी आंबट करत नेतात आणि आंबट पाणी सांधे खातं. पीएच ७.२ ते ७.६ आणि कॅल्शियमचा जडपणा लिटरला २०० ते ४०० मिलिग्रॅम, एवढं पाणी तपासायच्या किटवर दर आठवड्याला बघितलं की बरेच डाग येतच नाहीत.

आणि मोरचूद, म्हणजे तांब्याचं सल्फेट. द्राक्षवाल्यांच्या घरात बोर्डोच्या फवारणीसाठी ती असतेच, पाणी हिरवं झालं की हात तिकडेच जातो. आमच्या वडिलांनी एकदा मूठभर टाकली होती. शेवाळ मेलं आणि पायऱ्यांच्या कडा दीड वर्ष निळ्या-हिरव्या राहिल्या. पुलात मोरचूद नको.

मावसभावाने सातशे ग्रॅम पावडर सोडली, सिक्वेस्ट्रंट घातलं, आणि आठवडाभर नुसता पंप चालवला. भिंती पांढऱ्या झाल्या. त्याने फोटो पाठवला, त्यात खोल बाजूच्या पायरीशी एक तांबडा ठिपका तसाच होता. तीन दिवसांनी तो पुन्हा गडद झाला, त्याच जागी. तो पाण्यातला लोखंडाचा डाग नाही, आतली सळई गंजते आहे. त्याला कुठलीच पावडर आणि कुठलंच अ‍ॅसिड चालणार नाही. तेवढ्या दोन फरश्या काढून, सळईपर्यंत फोडून, गंज घासून पुन्हा भरायचं काम त्याने मेअखेर धरलंय. शेजारच्या विहिरीचं पाणी किती खाली आहे ते तो सध्या रोज सकाळी दोर सोडून मोजतो.