गॅरेजचा रिमोट ‘प्रोग्रॅम’ करून देतो म्हणणाऱ्याने आम्हाला कसं गंडवलं

आमच्या गॅरेजच्या दाराचे दोन्ही रिमोट आणि बाहेरचा कीपॅड एकदमच बंद पडले. आतल्या भिंतीवरचं बटण दाबलं की दार मात्र मुकाट वर-खाली व्हायचं. रिमोटचे सेल बदलून पाहिले, काही फरक नाही. हे लक्षण नीट ध्यानात ठेवा. पुढची सगळी फसवणूक ह्याच्यावरच उभी राहिली, आणि आलेल्या माणसाला खरा बिघाड पहिल्या मिनिटात कळला असणार, अशी आता माझी खात्री आहे.

इंटरनेटवर शोधलं तर ‘गॅरेज रिमोट व कीपॅड प्रोग्रॅमिंग, सर्व कंपन्यांचे अधिकृत तज्ज्ञ’ अशी जाहिरात सापडली. फोनवर भेटीचा दर अगदी किरकोळ सांगितला. माणूस वेळेवर आला, बोलायला गोड. शिडी लावून मोटरचं झाकण उघडलं, आत टॉर्च मारला, गंभीर चेहरा केला आणि म्हणाला, “मॅडम, रिमोटची फ्रिक्वेन्सी उडालीय. बोर्डातला रिसीव्हर गेला.”

भिंतीवरच्या पॅनेलमध्ये एक बारीक दिवा सारखा लुकलुकत होता. पूर्वी तो असा लुकलुकत नसे, म्हणून मी मुद्दाम विचारलं. “ते स्टँडबाय असतं, त्याचा काही संबंध नाही,” असं म्हणून त्याने विषय संपवला.

मग यादी सुरू झाली. बोर्ड बदलायचा, नव्या बोर्डाचं प्रोग्रॅमिंग वेगळं, प्रत्येक रिमोटची ‘कोड लायसन्स फी’ वेगळी, कीपॅड जुना म्हणून तोही नवा. शिवाय कोड दरवर्षी ‘रिन्यू’ करावे लागतात, त्याचा वार्षिक करार. भेटीचा किरकोळ दर ह्या यादीत कुठल्या कुठे गेला. काम चालू असताना कुणी शेजारी थांबलं की त्याची लगेच अडचण व्हायची. ‘स्प्रिंग ताणलेली आहे, लागेल, आत जा’ म्हणायचा. दाराची स्प्रिंग खरोखरच धोकादायक असते, त्यामुळे हे वाक्य खरं वाटतं आणि माणूस बाजूला होतो. पण रिमोट शिकवायला स्प्रिंगला हात लावावाच लागत नाही.

काम झाल्यावर त्याने खिशातून स्वतःचा रिमोट काढला, दार उघडून-मिटून दाखवलं, मग आमच्या हातात दोन नवे रिमोट दिले. कीपॅडचा पिन त्यानेच टाकला आणि बिलाच्या कोपऱ्यात लिहून दिला. बिल कार्बनवालं होतं, म्हणजे पिनची एक प्रत त्याच्याकडेही गेली. जुने रिमोट ‘आता निकामी आहेत, मी टाकून देतो’ म्हणत होता. ते मी दिले नाहीत, एवढं बरं झालं.

खरा प्रकार उघडकीला आला तो नणंदेचा मुलगा घरी आला तेव्हा. तो इलेक्ट्रॉनिक्सच्या दुरुस्तीत मुरलेला. गाडी आत घेताना त्याला मोटरच्या मागे लोंबकळणारी काडेपेटीएवढी डबी दिसली. “मामी, हा रिसीव्हर बाहेरून कशाला लावलाय?” म्हणाला आणि शिडी मागितली.

बोर्ड बदललेलाच नव्हता. त्यावर वर्षानुवर्षांची धूळ तशीच, अनुक्रमांकाचा पिवळट स्टिकर तोच. मोटर बसवली तेव्हाच्या फोटोतही तोच आकडा दिसतो. डबीच्या दोन वायरी भिंतीवरच्या बटणाच्या टर्मिनलवर आणून जोडल्या होत्या, म्हणजे रिमोट दाबला की डबीतला रिले भिंतीवरचं बटण दाबल्याचं सोंग आणायचा. हे झाल्यावर भाचा खाली उतरला, पॅनेलवरचं कुलपाचं चित्र असलेलं लॉक बटण क्षणभर दाबून धरलं, लुकलुक थांबली, आणि आमचे ‘निकामी’ जुने रिमोट चालायला लागले.

त्या बटणाला सुट्टीवर जातानाचं लॉक म्हणा. घर बंद करून गावाला जाताना ते लावलं की मोटर रेडिओवरचा कुठलाही हुकूम ऐकत नाही. रिमोट बंद, कीपॅड बंद, भिंतीवरचं बटण चालू. आणि लॉक लागलंय हे कळावं म्हणूनच तो दिवा लुकलुकतो. आमच्याकडे बहुधा पुसताना ते दाबलं गेलं होतं. सगळे रिमोट एकाच वेळी मेले आणि भिंतीवरचं बटण जिवंत असलं, तर सगळ्यात आधी हे लॉक बघा. एकच रिमोट बंद असेल तर त्याचा सेल. रिमोट फक्त दाराशी उभं राहूनच चालत असेल तर मोटरमधला एलईडी बल्ब काढून बघा. काही स्वस्त बल्ब रेडिओत इतका गोंगाट करतात की रिमोटचा पल्ला निम्म्याहून कमी होतो. दार रिमोटने उघडतं पण मिटत नाही, ही बहुतेक वेळा दाराच्या पायथ्याशी असलेल्या सेन्सरची तक्रार असते, रिमोटची नाही. ह्यातल्या प्रत्येकावर ‘प्रोग्रॅमिंग गेलं’ म्हणून पैसे उकळता येतात.

फ्रिक्वेन्सी तर उडतच नाही. ती रिमोटमधल्या क्रिस्टलने किंवा सॉ रेझोनेटर नावाच्या बारीक भागाने ठरलेली असते. शिकवलेले कोड मोटरच्या ज्या मेमरीत राहतात तिला वीज गेल्याने धक्का लागत नाही. त्यांना मुदत नसते, लायसन्स नसतं, रिन्यू करण्यासारखं त्यात काही नसतं. ‘सिंक तुटलं’ हे आणखी एक आवडतं वाक्य. रोलिंग कोडच्या, म्हणजे दर वेळी नवा कोड पाठवणाऱ्या रिमोटमध्ये दर दाबण्याला पुढे सरकणारा काउंटर असतो, आणि पोरांनी लांब बसून बटण खूप वेळा दाबलं तर तो मोटरच्या पुढे जातो, हे खरं. पण ह्याची सोय आधीच करून ठेवलेली असते. कीलॉक नावाच्या रोलिंग कोडच्या पद्धतीत पुढच्या १६ दाबण्यांपर्यंत रिसीव्हर तक्रारच करत नाही, आणि त्यापलीकडे गेलं तर बहुतेक वेळा लागोपाठ दोनदा बटण दाबल्यावर दोघांचं पुन्हा जमतं.

आणि ज्या प्रोग्रॅमिंगचे आमच्याकडून एवढे पैसे घेतले, ते भाच्याने माझ्याच हातून करून घेतलं. आमच्यासारख्या चेंबरलेन-लिफ्टमास्टर कंपनीच्या मोटरीवर एक रंगीत ‘लर्न’ बटण असतं. आमचं जांभळं, ३१५ मेगाहर्ट्झवालं. २०११ नंतरच्या पद्धतीचं असेल तर पिवळं. ते दाबून सोडलं की शेजारचा दिवा ३० सेकंद पेटतो. तेवढ्यात रिमोटचं बटण दाबायचं, मोटरचा बल्ब डोळा मिचकावतो, झालं. कीपॅडलाही तेच, फक्त चार आकडी पिन टाकून एंटर दाबून धरायचं. इतर कंपन्यांत बटणाचं नाव आणि क्रम बदलतो, पण गाभा हाच. माहितीपुस्तक हरवलं असेल तर मॉडेल क्रमांक टाकून ते कंपनीच्या साइटवर बहुतेक मिळतं. शिडी चढवत नाही म्हणून एखाद्याला बोलावलं आणि त्याने वेळेचे पैसे घेतले तर त्यात गैर काही नाही. मोठ्या सोसायटीच्या फाटकाला पन्नास रिमोट नोंदवायचे असतील तर जाणकार माणूस हवाच.

पैशांचं दुःख मला फार दिवस राहिलं नाही. झोप उडवली ती डबीने.

आमच्या मूळ मोटरीत रोलिंग कोड आहे, म्हणजे प्रत्येक वेळी वेगळा कोड जातो आणि एकदा वापरलेला पुन्हा चालत नाही. रोलिंग कोडच्या एचसीएस३०१ ह्या चिपचं उदाहरण घ्या: ६६ बिटांच्या संदेशात ३२ बिट दर वेळी बदलणारे, सांकेतिक केलेले. ह्याच्या जागी त्या माणसाने ४३३.९२ मेगाहर्ट्झवरचा, ईव्ही१५२७ जातीच्या कोडचा रिसीव्हर लावला होता. त्यात २० बिटांचा ठरावीक क्रमांक असतो. १०,४८,५७६ शक्यता म्हणजे आकडा मोठा दिसतो, पण तो क्रमांक कधीच बदलत नाही, त्यामुळे एकदा ऐकला की कायमचा आपला. भाच्याने एक स्वस्त कॉपी रिमोट आणला, आमच्या नव्या रिमोटच्या तोंडाला तोंड लावून दोन्हींची बटणं दाबली, आणि दिवा भराभर चमकला. मग त्या कॉपीने दार उघडलं. हे सगळं मी बघत असताना, मी वाक्य पूर्ण करेपर्यंत. रोलिंग कोडचा रिमोट असा तोंडाला तोंड लावून कॉपी होत नाही. म्हणजे पैसे घेऊन आमचं कुलूप काढलं आणि कडी लावून दिली.

त्यात तो खिशातला रिमोट. त्याने दार उघडून दाखवलं, ह्याचा अर्थ डबीने आधी त्याचा रिमोट शिकला होता. आमचे दोन नंतर. त्याचा कोड त्याने आमच्यासमोर पुसला नाही, आणि असल्या डबीत आत कोण कोण नोंदवलेलं आहे हे दाखवणारी यादीच नसते. किल्लीवाल्याने कुलूप बसवून एक किल्ली स्वतःच्या जुडग्यात ठेवावी, तसा हा प्रकार. वर पिनची कार्बन प्रत. आमच्या गॅरेजमधून स्वयंपाकघरात जाणाऱ्या दाराला तेव्हा साधी कडी होती.

ज्यांच्या रिमोटच्या पोटात अजून कोड ठरवणाऱ्या बारीक खटक्यांची रांग आहे, त्यांनी तर थांबूच नये. १२ खटके म्हणजे फक्त ४,०९६ कोड. २०१५ साली सॅमी कामकर ह्या सुरक्षा संशोधकाने मुलींच्या एका जुन्या मेसेजिंग खेळण्यात फेरफार करून असे ठरावीक कोडचे दरवाजे दहा सेकंदांच्या आत उघडून दाखवले होते. त्याच वर्षी त्याने रोलिंग कोडही चकवता येतो हे दाखवलं, पण त्यासाठी चोराला आपण बटण दाबताना जवळ यंत्र लावून बसावं लागतं. फरक आहे.

भाच्याने डबी आणि नवा कीपॅड काढून पिशवीत भरून ठेवले. फेकू नका, पुरावा असतो. मग मूळ मोटरचं लर्न बटण सहा सेकंद, शेजारचा दिवा विझेपर्यंत दाबून धरलं. ह्याने मेमरीतले सगळे रिमोट आणि कीपॅड एकसाथ पुसले जातात. घराच्या आधीच्या मालकाचे, कुणा नातेवाइकाकडे विसरलेले, सगळे. त्यानंतर आमचे रिमोट आणि कीपॅड पुन्हा शिकवले आणि पिन मी स्वतः टाकला, घरातलेही बघत नसताना. ह्या मोटरीत निवडून एकच रिमोट काढायची सोय नाही, म्हणून एक हरवला तरी सगळं पुसूनच परत सुरुवात करायची.

त्या माणसाला फोन केला तर आधी ‘बोर्ड आतून बदललाय’ म्हणाला, नंतर नंबर लागेना. बिलावर पत्ता नव्हता. तीच जाहिरात वेगवेगळ्या नावांनी, एकाच फोन नंबरावर, अजून दिसते. पैसे कार्डाने दिले होते म्हणून बँकेकडे हरकत नोंदवली. बिलावर ‘नवा बोर्ड’ लिहिलेलं आणि फोटोत जुनाच अनुक्रमांक, ह्या दोन गोष्टींवर बोर्डाची रक्कम परत आली. लायसन्स फी आणि कीपॅडचे पैसे बुडाले. पोलिसांकडेही लेखी कळवलं, कारण प्रश्न दाराच्या प्रवेशाचा होता.

असा माणूस येऊन गेला असेल तर आजच मोटरजवळ जाऊन बघा: भिंतीच्या बटणाच्या टर्मिनलवर तुम्हाला माहीत नसलेल्या वायरी आहेत का. आणि गाडीतच गॅरेजचं बटण असेल, होमलिंकसारखं, तर गाडी विकताना किंवा दुरुस्तीला बरेच दिवस सोडताना तेही पुसा. जुन्या गाडीच्या नव्या मालकाला तुमचं दार उघडण्यासाठी प्रोग्रॅमरही लागत नाही. गाडीच्या कागदपत्रांवर तुमचा पत्ता असतोच.