विसर्जन मिरवणूक संगणकात चालवायची, तर कोणतं मॉडेल घ्यावं?

पुण्याची विसर्जन मिरवणूक प्रोजेक्टला घेतलीत, तर आधी एक ठरवा: मंडळांना पाणी समजायचं, गाड्या समजायचं की माणसं?

पाणी समजलात तर लाइटहिल-व्हिदम (1955) आणि रिचर्ड्स (1956) यांचं मॉडेल. घनता गुणिले वेग म्हणजे प्रवाह, आणि घनतेवरून वेग ठरतो. गणित देखणं आहे. पुढं कोणी थांबलं की थांबण्याची लाट मागं कशी सरकते, ते कागदावरच निघतं. पण बेलबाग चौकात काय होतं? पथक उभं राहतं, ध्वज नाचतात, आवर्तन संपतं, लोक ‘अजून एक’ म्हणतात, आणि पुढचा लक्ष्मी रस्ता रिकामा. रस्ता मोकळा, तरी वेग शून्य! हे त्या समीकरणात बसत नाही.

गाड्या समजलात तर नागेल-श्रेकेनबर्ग (1992). रस्त्याचे चौकोन पाडायचे आणि दर पावलाला चार नियम: वेग वाढवा, पुढच्या अंतराइतका कमी करा, मधूनच उगाच मंदावा, सरका. हा ‘उगाच’ मला फार आवडतो, तो जणू ढोल-ताशासाठीच केलाय. शिवाय मानाच्या पाच गणपतींचा क्रम ठरलेला, कसब्याच्या पुढं कोणी काढत नाही. म्हणजे एकाच लेनवर भागतं. मात्र मंडळ एका चौकोनात मावणार नाही, पथक आणि रथ मिळून लांबी द्या. थांबण्याची शक्यता चौकात जास्त, एरवी कमी ठेवा. आणि कमाल वेग चालण्याइतकाच. गाडी मागं पडली तर पळून अंतर भरते. कमरेला ढोल बांधलेला माणूस पोलिसाच्या शिट्टीवर फार तर चार पावलं भरभर टाकतो. पडलेली फट बहुतेक तशीच पुढं जाते.

माणसं, म्हणजे हेल्बिंग-मोलनार (1995), माणसं एकमेकांना जणू बळानं दूर ढकलतात असं धरणारं मॉडेल, फक्त बघ्यांसाठी घ्या. बोळाच्या तोंडाशी होणारी रेटारेटी त्यातच दिसते. गर्दीच्या अशा मॉडेलांचं जुपेडसिम हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

महिनाभरच हातात असेल तर मी दुसरं, म्हणजे गाड्यांचंच मॉडेल घेईन. त्याआधी एक साधा हिशेब मांडा. लक्ष्मी, कुमठेकर, केळकर, टिळक, सगळे रस्ते अलका चौकात येतात. समजा 120 मंडळं एकामागून एक चौक ओलांडतात. प्रत्येकी 10 मिनिटं धरली तर 20 तास, 15 धरली तर 30. म्हणून घड्याळ घेऊन उभं राहायचंच असेल तर तिथं राहा, आणि पहिला ढोल दिसला ती वेळ लिहू नका. रथाचं मागचं चाक चौकातून बाहेर पडलं ती लिहा.