एंटरप्राइजवर नाईट कोणाची? : ‘द नेक्स्ट जनरेशन’चा ब्लू-रे संच

दर शनिवारी संध्याकाळी सातला आमच्या कर्वेनगरच्या घरात चार माणसं जमतात. मी, माझा भाचा, खालच्या मजल्यावरचे सर आणि वहिनी. सर पॉलिटेक्निकमधून निवृत्त झाले, वहिनी बँकेतून. भाचा हिंजवडीहून येतो, त्यामुळे पावसाळ्यात चांदणी चौक त्याला कधी सोडेल याचा नेम नसतो. पण तो आल्याशिवाय डिस्क लावायची नाही, हे ठरलेलं आहे. चहा, खारी, आणि ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’चे तीन भाग. सात सीझन, १७८ भाग. सव्वा वर्ष लागलं. गेल्या महिन्यात शेवटची डिस्क संपली, म्हणून आता लिहिते.

एंटरप्राइज या अंतराळयानावरची ही मालिका १९८७ ते १९९४ चालली. मी ती नव्वदच्या दशकात केबलवर तुकड्यातुकड्यांनी पाहिली होती. तेव्हा मी नर्स होते. नाईट, म्हणजे रात्रपाळी, करून घरी यायचं, पोरांचे डबे व्हायचे, आणि कधी दुपारी, कधी रात्री एखादा भाग हाती लागायचा. मागचा-पुढचा संबंध कळायचा नाही. तरी पाहायचे, कारण टीव्हीवर मला पहिल्यांदाच असं कामाचं ठिकाण दिसत होतं जिथे प्रत्येकाला आपलं काम नीट येतं आणि कोणी कोणावर खेकसत नाही.

आधी संचाविषयी. मालिकेचं चित्रीकरण ३५ मिलिमीटर फिल्मवर झालं होतं, पण संकलन आणि स्पेशल इफेक्ट व्हिडिओटेपवर. त्यामुळे इतकी वर्षं आपण जे पाहिलं ते टेपवरचं, धुरकट चित्र होतं. या संचासाठी मूळ निगेटिव्ह बाहेर काढून, पुन्हा स्कॅन करून, अख्खी मालिका नव्याने जोडली. जहाजाची दृश्यंही मूळ फिल्मवरून पुन्हा एकत्र बसवली. हे सीझन २०१२ ते २०१४ या काळात एकेक करून आले. काही थोड्या दृश्यांचं निगेटिव्ह मिळालं नाही, तिथे जुनी टेपच मोठी करून लावली आहे, आणि ते तुकडे डोळ्यांना लगेच कळतात. बाकी सगळं लख्ख. वॉर्फच्या छातीवरच्या पट्ट्याची वीण दिसते, कॅप्टन पिकार्डच्या कपाळावरची आठी दिसते. चित्र जुन्या टीव्हीच्या चौकोनी आकाराचंच ठेवलंय, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. रिमोटने ताणून मोठं करू नका. सरांनी पहिल्या शनिवारी करून पाहिलं, आणि वहिनींनीच ते परत जागेवर आणायला लावलं.

मराठी किंवा हिंदी सबटायटल नाहीत. वहिनींना सुरुवातीला जड गेलं. जहाजाच्या इंजिनाची चर्चा सुरू झाली की सर थांबवून समजावत, मग दुसऱ्या सीझनपासून त्यांनी थांबवणंच बंद केलं. डॉक्टर क्रशर काय म्हणते ते माझ्याकडून, इंजिनाचं सरांकडून, आणि माणसांचं वहिनींना आम्हा तिघांपेक्षा आधी कळतं.

आता खरं बोलायचं ते वादांविषयी, कारण हा संच घेण्याचं माझ्या दृष्टीने तेच कारण आहे. सलग पाहिल्यावर कळतं की ही मालिका परग्रहांपेक्षा जहाजावरच्या हुद्द्यांची आहे. पहिल्या सीझनमध्ये जॉर्डी लाफोर्ज सुकाणूवर आहे आणि चीफ इंजिनिअर म्हणून कधी एक, कधी दुसराच चेहरा येतो. वॉर्डला कायमची इनचार्ज नसली की जे होतं तेच मला तिथे दिसलं. कुठली गोष्ट कुठे ठेवली हे कोणालाच माहीत नाही. दुसऱ्या सीझनपासून जॉर्डीकडे इंजिनरूम येते आणि जहाज स्थिरावतं. सुरक्षाप्रमुख ताशा यार पहिल्याच सीझनमध्ये मरते आणि तिची जागा वॉर्फ घेतो. दुसऱ्या सीझनला क्रशर नाही, डॉक्टर पुलास्की आहे. भाच्याला पुलास्की अजिबात चालत नाही, ती डेटा या यंत्रमानव अधिकाऱ्याचं नावसुद्धा नीट घेत नाही म्हणून. मला ती चालते. डेटाशी ती वाईट वागते, ते मी मान्य केलं. पण पेशंटजवळ तिचे हात थरथरत नाहीत.

सगळ्यात मोठं भांडण झालं ते सहाव्या सीझनमधल्या ‘चेन ऑफ कमांड’ या दोन भागांवर. पिकार्डला गुप्त मोहिमेवर पाठवतात आणि जहाजावर कॅप्टन जेलिको येतो. आल्या आल्या तो कॅप्टनच्या खालोखालच्या अधिकाऱ्याला, रायकरला, सांगतो, आजपासून तीन पाळ्यांच्या चार पाळ्या. रायकर विभागप्रमुखांशी बोलतो, ते सगळे नाही म्हणतात, आणि तो बदल करतच नाही. जेलिको विचारतो तेव्हा सांगतो, तुमच्याशी नंतर बोलणार होतो. मग जेलिको हुकूम सोडतो, चौथी पाळी दोन तासांत कामावर हवी.

भाचा रायकरच्या बाजूचा. “मावशी, टीमला विश्वासात न घेता कोणी असं करतं का?” सर जेलिकोच्या बाजूचे. समोर युद्ध उभं आहे, तिथे विचारणा कसली? दोघांचे आवाज चढले.

मी ३१ वर्षं नर्सिंग केलं, त्यातली ११ इनचार्ज म्हणून ड्युटी लिस्ट लावली. तीनाच्या चार पाळ्या करायच्या म्हणजे काय, ते कागदावर मांडून बघा. माणसं तेवढीच, म्हणजे प्रत्येक पाळीला माणसं कमी. ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती, द्यायच्या-घ्यायच्या वेळा तीनाच्या चार होतात, आणि चुका नेमक्या ओव्हरमध्येच होतात. औषध दिलं की द्यायचं राहिलं, ते त्या पाच मिनिटांत हरवतं. दुसरीकडे आठ तासांचे सहा होतात, माणूस ताजा राहतो. लढाईच्या तोंडावर ताजी माणसं हवीत, हे जेलिकोचं गणित चुकीचं नाही. दोन तासांत करा म्हणणं मात्र चूक. जी माणसं नुकतीच झोपली असतील त्यांना उठवून तुम्ही ताजी पाळी कशी उभी करणार?

तरीही माझ्या मते त्या दिवशी चुकला तो रायकर. लिस्ट जमत नसेल तर वेळ संपायच्या आत मेट्रनच्या दारात जाऊन उभं राहायचं आणि सांगायचं, मॅडम, हे होत नाही, या कारणांनी होत नाही. नाहीतर लिस्ट लावायची. दोन्ही न करता गप्प बसलं, तर पाळी बदलायच्या वेळेला वॉर्डात माणूस नसतो. एकदा आमच्याकडे हे झालं होतं. एका इनचार्जला बदल पटला नव्हता, तिने तो वरही कळवला नाही आणि खालीही नाही. रात्री नऊला संध्याकाळची मुलगी पर्स घेऊन उभी, आणि ओव्हर घ्यायला कोणीच नाही. ती मुलगी सकाळपर्यंत थांबली. तिचा चेहरा मला अजून आठवतो.

हे सांगितल्यावर भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “पण मावशी, रायकर सांगणार होता.” सांगणार होता, हे मला मान्य आहे.

त्यानंतर आम्ही एक खेळ सुरू केला. वहिनींनी मागच्या वर्षीचं कॅलेंडर काढलं आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर आम्ही एंटरप्राइजची ड्युटी लिस्ट लावायला बसलो. ब्रिज (जिथून जहाज चालवतात), इंजिनरूम, ट्रान्सपोर्टर (माणसं क्षणात इकडून तिकडे पोचवणारं यंत्र), सिकबे (जहाजाचा दवाखाना). भाच्याने ब्रिजच्या सगळ्या नाईट एका दमात डेटाला टाकल्या. डेटा यंत्रमानव आहे, त्याला झोप लागत नाही, मग प्रश्नच मिटला. मालिकेतही तो रात्रीचा पहारा करतोच, ‘डेटाज डे’ हा भाग त्याच्या नाईटच्या शेवटीच सुरू होतो.

मी त्या नाईट खोडल्या. याच संचात दुसऱ्या सीझनमध्ये ‘द मेझर ऑफ अ मॅन’ आहे, आणि डिस्कवर त्याची लांबवलेली आवृत्तीही दिली आहे, तीच पाहा. एका शास्त्रज्ञाला डेटाला उघडून त्याच्यासारखे हजारो बनवायचे असतात. डेटा नाही म्हणतो, तर प्रश्न येतो की त्याला नाही म्हणायचा हक्क तरी आहे का. माणसं कमी म्हणून रायकरलाच त्याच्याविरुद्ध उभं राहायला लावतात, आणि तो ते काम चोख करतो, भर सुनावणीत डेटाचं बटण बंद करतो. पिकार्ड डेटाची बाजू मांडतो. जो थकत नाही, मोडला तर ज्याची काळजी करावी लागत नाही, अशांची फौज उभी केली तर ती गुलामगिरीच, हे तिथे उघड होतं.

आमच्याकडे डेटाच्या जागी असायच्या लग्न न झालेल्या मुली. दिवाळीच्या नाईट तिलाच लावा, घरी तिची वाट बघणारं कोण आहे? ती तक्रार करत नसे, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा तिलाच. सुरुवातीची दोन वर्षं मीही तशाच लिस्ट लावल्या. मग एका भाऊबीजेला रात्री मी अचानक राउंडला गेले तेव्हा तशीच एक मुलगी नर्सिंग स्टेशनवर एकटी बसून घरून आलेल्या डब्यातली करंजी खात होती. मला बघून उठून उभी राहिली. त्या रात्रीनंतर मी नाईट फिरत्या केल्या, इनचार्जसकट.

म्हणून आमच्या कागदावर ब्रिजच्या नाईट आता वाटलेल्या आहेत. आठवड्यात दोन डेटाला, एक क्रशरला. सातव्या सीझनमध्ये ती डॉक्टर असूनही रात्री जहाज सांभाळताना दिसते. एक काउन्सिलर ट्रॉयला, कारण त्याच सीझनमध्ये ती ब्रिज ऑफिसरची परीक्षा देते. पुन्हा पुन्हा नापास होते, आणि शेवटी तिला कळतं की जहाज वाचवायचं तर जॉर्डीला मरायला पाठवायचा हुकूम द्यावा लागेल. समोर खोटा, प्रकाशाचा जॉर्डी असतो, पण तिचा चेहरा खरा असतो. हा प्रसंग मला सलग दोनदा बघवला नाही.

सिकबेच्या नाईटला कोण, असं मी विचारलं, तेव्हा तिघेही थांबले. “त्या नर्सचं नाव काय ते?” सर म्हणाले.

अलिसा ओगावा. चौथ्या सीझनपासून ती येते, कोपऱ्यात उभी राहते, हातात यंत्र देते, आकडा सांगते, जाते. पॅटी यासुताके या अभिनेत्रीने ती इतक्या शांतपणे केली आहे की पाठ वळली की विसरायला होतं. सातव्या सीझनमधल्या ‘लोअर डेक्स’ या भागात अखेर कॅमेरा खालच्या हुद्द्याच्या पोरांबरोबर राहतो. ओगावाची बढती होते, आणि त्याच भागात तिची मैत्रीण मोहिमेवरून परत येत नाही. संपूर्ण संचातून एकच भाग बघायला सांगितला तर मी हा सांगेन. नव्या माणसाने पहिल्या सीझनपासून धरायचा हट्ट करू नये. दुसऱ्यातला तो खटला बघावा आणि थेट तिसऱ्यावर यावं.

संच मोठा आहे, खर्चिक आहे. एकट्याने बघायला घेऊ नका. चार जण जमवा, त्यातला एक तरी असा असू द्या ज्याने कधी पाळीत काम केलंय.

तो कॅलेंडरचा कागद आमच्या फ्रिजवर लावलेला आहे. सिकबेच्या ओळीत ओगावाच्या दोन नाईट आहेत, आणि त्यापुढे वहिनींनी लाल पेनाने तिला ऑफ दिला आहे.