फुल सस्पेन्शन सायकलीचे आठ महिने: लळिंगचे दगड, बाभळीचे काटे आणि ८० हजारांचं बजेट

गेल्या नोव्हेंबरात मी माझी पहिली फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे शॉक असलेली, माउंटन बाईक घेतली. सेकंड हँड, ७६ हजारांत, पुण्याहून. आता जुलै संपत आलाय. थंडी झाली, एप्रिल-मेची भट्टी झाली, पावसाळाही अर्धा होत आला. मॉडेलचं नाव लिहीत नाही. तेच तुम्हाला मिळेल याची खात्री नाही, आणि जुन्या सायकलीत आधीच्या मालकाने ती कशी वापरली हेच जास्त बघावं लागतं.

वय ४४, वजन ८२ किलो. आधीची पाच वर्षं हार्डटेल चालवली, म्हणजे सस्पेन्शन फक्त पुढे. रोज सकाळी धुळ्याजवळचा नकाणे तलाव, रविवारी लळिंग. लळिंगच्या आसपासच्या गाडीवाटा धुळेकरांना सांगायला नकोत. सगळा बेसॉल्टचा मुलूख, त्यात डाइकच्या, म्हणजे भेगांत लाव्हा गोठून झालेल्या, काळ्या भिंती लांबच लांब गेलेल्या, आणि त्या फुटून वाटेत पडलेले नारळाएवढे सुटे दगड. उतारावर हार्डटेलचं मागचं चाक दगडावरून उडायचं आणि नेमका तेव्हाच ब्रेक दाबलेला असायचा. कंबर बुधवारपर्यंत दुखायची. म्हणून हा सगळा खटाटोप.

आधी गावातच चौकशी केली. १८ हजारांत ‘डबल शॉकअप’वाली सायकल दाखवली. लाल-काळा रंग, मागे जाडजूड स्प्रिंग, बघणारा खूश. मी सीटवर जोर देऊन दाबली आणि सोडली. बेडकासारखी उसळली. त्या शॉकमध्ये नुसती स्प्रिंग होती, डॅम्पिंग नावाची गोष्टच नव्हती. स्प्रिंग दबते आणि तेवढ्याच जोराने परत फेकते. तिचा परतीचा वेग आवरायला आत तेल आणि झडपा लागतात. त्या नसल्या की दगडावर सायकल तुम्हाला सीटवरून उचलून टाकते, आणि चढावर प्रत्येक पेडलबरोबर झोका घेते. वर वजन १८ किलोच्या घरात. एवढ्याच पैशांत येणारी साधी हार्डटेल तिच्यापेक्षा शंभर पटीने बरी. मुलाला शाळेत जायला घेत असाल तरीसुद्धा.

नव्या चांगल्या सायकली लाखाच्या वर जात होत्या. तेव्हा सेकंड हँडच. सायकल पाहताना मी काय काय तपासलं, तेही सांगतो. शॉक हवेचा आहे ना, त्यावर रिबाउंडची, म्हणजे परतीचा वेग कमी-जास्त करायची, लाल घुंडी आहे ना, आणि त्याचं माप बाजारात सहज मिळणारं आहे ना. माझा २१० बाय ५० मिलिमीटरचा निघाला. हे माप बरेच जण बनवतात, त्यामुळे उद्या शॉक गेला तरी फ्रेम भंगारात जात नाही. मागचा एक्सल १२ मिलिमीटरचा, आरपार जाणारा. मग सीट धरून मागचं चाक जमिनीवरून जेमतेम उचलून पाहिलं. कट्‌कन आवाज आला तर बुशिंग किंवा बेअरिंग झिजलंय समजा. शॉकच्या दांड्यावर तेलाचं ओलं कडं आहे का, फोर्कच्या, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनच्या, नळ्यांवर नखाला लागेल असा चरा आहे का, आणि वेल्डिंगजवळ रंगाला केसासारखी चीर आहे का, हेही पाहिलं. शेवटचं मोबाईलच्या टॉर्चने बघा. विकणारा पोरगा वैतागला होता, वैतागू दे.

खोक्यात घालून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आली. जोडत होतो तेव्हा शेजारचे नाना ओट्यावर बसले होते. किंमत ऐकून म्हणाले, “इतला पैसास्मा त फटफटी उनी अस्ती रे भो!” यावर आठ महिन्यांत मला उत्तर सुचलेलं नाही.

पहिल्याच रविवारी लळिंगच्या उतारावर शॉक दोनदा तळाला आपटला, धाड्‌कन. वाटलं फसलो. घरी आल्यावर लक्षात आलं की आधीचा मालक ६० किलोचा, आणि हवा त्याच्याच मापाची राहिली होती. शॉकचा पंप वेगळा असतो, गावात मिळाला नाही, मागवावा लागला. मग पाठीवर पाण्याची बॅग घेऊन सायकलवर बसलो, आणि शॉकवरचं रबरी कडं किती सरकतं ते मोजलं. शॉकची चाल ५० मिलिमीटर, त्यातली साधारण ३० टक्के, म्हणजे १५ मिलिमीटर, नुसत्या वजनाने दबायला हवी. मला त्यासाठी २०५ पीएसआय लागले. तेवढ्या एका गोष्टीने सायकल बदलली. दगडांच्या पट्ट्यात मागचं चाक आता जमिनीला चिकटून राहतं. उतारावरचा माझा वेग फारसा वाढला नाही, खरं सांगतो. पण ब्रेक मागितला तिथे लागतो, आणि कंबर गप्प आहे.

चढाचं मात्र गोड लिहिणार नाही. १५ किलो वजन आहे, हार्डटेल १२.५ची होती. डांबरी रस्त्यावर शॉकचा खटका ओढून तो घट्ट करता येतो, तरी फरक पायाला कळतो. जानेवारीत तोरणमाळचा घाट या सायकलने चढलो. डांबरी घाट, मागचं सस्पेन्शन निव्वळ ओझं. यशवंत तलावावर पोचेपर्यंत दोघा हार्डटेलवाल्यांचा चहा पिऊन झाला होता.

आता खानदेशचा खरा शत्रू: काटे. बाभूळ, वेडी बाभूळ, आणि पावसाळ्यानंतर सराटे. पहिल्या तीन आठवड्यांत सात पंक्चर. सस्पेन्शन कितीही भारी असो, ट्यूब असेल तर तुम्ही पंक्चरच काढत बसणार. मग ट्यूबलेस केलं, पुढे २२ आणि मागे २५ पीएसआय. डिसेंबरात एकदा टायरमधून ११ काटे उपटले, हवा गेली नव्हती. पण आतलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, दोन-तीन महिने टिकतं म्हणतात ते आपल्या उन्हाळ्यात विसरा. मेमध्ये पाचव्या आठवड्यात व्हॉल्व्ह काढला तर आत रबराच्या गोळ्या. आता मार्च ते जून दर महिन्याला ६० मिली टाकतो.

उन्हाने शॉकचीही हवा फुगते. पहाटेच्या थंडीत २०५ भरलेला शॉक मे महिन्याच्या दुपारी २२०च्या आसपास दाखवत होता, आणि सायकल आखडल्यासारखी वाटत होती. ज्या वेळी चालवणार त्याच वेळी मोजा. गच्चीवर पत्र्याखाली ठेवलेल्या सायकलीचा आकडा धरू नका.

माझी स्वतःची चूक जूनमध्ये झाली. पहिल्या पावसानंतर शेतातल्या वाटेने गेलो. काळी माती टायरला अशी बसली की शंभर पावलांत मागचं चाक फिरेना. फुल सस्पेन्शनमध्ये मागच्या चाकापुढे जोडकाम असतं, जागा मुळात कमी, तिथे चिखलाची वीट तयार होते. सायकल खांद्यावर घेऊन रस्त्यावर आलो आणि घाईत मोटारसायकल धुतात तिथे प्रेशरच्या पाण्याने धुऊन घेतली. त्या पाण्याने सांध्यांच्या बेअरिंगमधलं ग्रीस उडवलं. पंधरा दिवसांत बैलगाडीसारखी करकर सुरू. आता बादली, मग्गा आणि जुनी बनियन.

सर्व्हिसचा हिशेब घेण्याआधीच करायला हवा होता. माझ्या शॉकवर रॉकशॉक्सचं नाव आहे. त्यांच्या कागदावर हवेच्या डब्याची सर्व्हिस ५० तासांनी आणि आतल्या तेलाची २०० तासांनी लिहिली आहे. आठवड्याला पाच तास चालवलं तर पहिली वेळ अडीच महिन्यांत येते. धुळ्यात हे काम करणारा मला सापडला नाही. एप्रिलमध्ये शॉक आणि फोर्क नाशिकला पाठवले, बारा दिवस सायकल भिंतीला टेकून होती. आता हवेच्या डब्याचे सील मी स्वतः बदलतो. आधी सगळी हवा सोडायची, हे लक्षात ठेवलं की काम तासाभराचं.

तर खर्च असा: सायकल ७६,०००, पंप २,४००, ट्यूबलेस आणि सीलंट ४,५००, नाशिकची सर्व्हिस ५,८००, आणि माझ्या मूर्खपणाची बेअरिंगं ३,२००. एकूण ९१,९००. बजेट ८० होतं. पुन्हा घेताना सायकल ६५ च्या पुढे बघणारच नाही, बाकीचे हाताशी ठेवीन.

कोणी ३०-४० हजारांत फुल सस्पेन्शन विचारलं तर मी चांगला हवेचा फोर्क असलेली हार्डटेल आणि रुंद ट्यूबलेस टायर सुचवतो. नकाणे, डेडरगाव, साक्री रोडची शेतं यांना ती पुरून उरते. लळिंगला किंवा तसल्या दगडांत दर आठवड्याला जाणार असाल तरच हा पसारा मांडा, आणि लळिंगच्या कुरणात शिरण्याआधी वनखात्याच्या माणसाला विचारा.

माझी जुनी हार्डटेल विकायची ठरली होती, गिऱ्हाईकही आलं होतं. नाही म्हणालो. सध्या नवीच दोरीला टांगलेली आहे, बेअरिंगची पुडी नाशिकहून यायची आहे, आणि काळी माती वाळेपर्यंत, म्हणजे पोळ्यापर्यंत तरी, हार्डटेलच.