‘मंजूर’ला एक क्लिक, ‘नामंजूर’ला तीन: संरक्षणातल्या एआयवरचा ऑनलाइन कोर्स

हवाई संरक्षणात असताना माझी सगळी नोकरी रडारच्या स्क्रीनसमोरच झाली, त्यामुळे हा कोर्स दिसल्यावर फी भरून मोकळा झालो. कंपनीचं नाव घेत नाही.

व्हिडिओ चांगले आहेत, उगाच पाल्हाळ नाही. ड्रोनच्या ढीगभर फुटेजमधून गाडी, इमारत कशी वेगळी काढतात (अमेरिकेचा ‘प्रोजेक्ट मेव्हन’ २०१७ मध्ये याच कामासाठी सुरू झाला) ते नीट समजतं. इंजिनाचा कुठला भाग कधी दगा देईल याचा अंदाज बांधण्यावरचा धडा अनेकांना कंटाळवाणा वाटेल. माझ्या मते सैन्याने एआय आधी तिथेच वापरावं, अगदी बिनधास्त.

खरी मेख शेवटच्या सरावात आहे. तुम्ही ऑपरेटर. स्क्रीनवर ठिपका लाल होतो, शेजारी ‘शत्रू, ९४ टक्के’ असं येतं आणि सेकंद उलटे पळू लागतात. ‘मंजूर’ हे भलंमोठं हिरवं बटण. नामंजूर करायचं तर मेनू उघडा, कारण निवडा, पुन्हा खात्री द्या. एका ठिपक्याची उंची आणि वेग प्रवासी विमानासारखे वाटले म्हणून मी मेनूत शिरलो. कारण निवडेपर्यंत वेळ संपली आणि सॉफ्टवेअरने परस्पर ‘मंजूर’ धरलं! वर विलंबाचे गुण कापले.

आता याला ‘निर्णय माणसाच्या हातात’ म्हणायचं? २००३ च्या इराक युद्धात अमेरिकेच्या पॅट्रियट या हवाई संरक्षण यंत्रणेने परतणारं ब्रिटिश टोर्नेडो विमान शत्रूचं क्षेपणास्त्र समजून पाडलं, आतले दोघे गेले. तिथेही बटणापाशी माणसंच होती. उलट १९८३ मध्ये सोव्हिएत यंत्रणेने अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रं येताना दाखवली, तेव्हा तिथे ड्युटीवर असलेला अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव्हने ‘हल्ला करायचा तर फक्त पाचच कशाला सोडतील?’ असा विचार करून तो इशारा खोटा ठरवला. या सरावात त्याचेही गुण कापले गेले असते.

जहाजावर चालून येणारं क्षेपणास्त्र पाडायचं असेल तर माझी हरकत नाही. तिथे विचारायला वेळच नसतो; फॅलँक्स तोफ कित्येक दशकं हे काम आपोआप करते आहे. पण समोर माणसं असू शकतात तिथे शंका घ्यायला वेळ हवा, आणि शंका घेणाऱ्याला शिक्षा नको. स्वयंचलित शस्त्रांबद्दलच्या अमेरिकी संरक्षण खात्याच्या २०१२ च्या निर्देशात (२०२३ मध्ये सुधारित) बळाच्या वापरावर ‘योग्य त्या पातळीचा’ मानवी विवेक असावा असं म्हटलंय. कोर्समध्ये ते वाक्य वाचून दाखवतात आणि पुढे सरकतात. योग्य म्हणजे किती सेकंद, हा प्रश्न कुणी काढतच नाही.

पाचपैकी तीन तारे. घेतलात तर सराव दोन्ही प्रकारे करून बघा: एकदा डोळे झाकून ‘मंजूर’ दाबत, एकदा प्रत्येक ठिपका तपासत. तपासत केला तेव्हा माझे गुण निम्म्यावर आले.