गाडीला साडेचार स्टार, सर्व्हिसला दीड : चौदा महिने आणि एक चेन

१५० सीसी बाईक, चौदा महिने, अकरा हजार किलोमीटर. मायलेज आणि पिकअपवर सगळ्यांचं लिहून झालंय, ते सोडतो. माझा मुद्दा चेनचा.

दर फ्री सर्व्हिसला चेन ताणून मिळते. जॉबकार्डवर ‘चेन अ‍ॅडजस्ट’ला टिक, पण ढील (चेन वर-खाली किती हलते) किती ठेवली ते लिहिलेलं नसतं. मॅन्युअलात २० ते ३० मिमी आहे, प्रत्यक्षात भरली जेमतेम १०. घट्ट चेन वाजत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण दोघं बसले की मागचा शॉकअप दबतो आणि दोन्ही स्प्रॉकेटमधलं, म्हणजे चेन ज्यांवर फिरते त्या दातेरी चाकांमधलं, अंतर वाढतं. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्हट आणि मागचा अ‍ॅक्सल (चाकाचा आस) एका रेषेत आले की ते सगळ्यात जास्त. तिथे ढील उरली नाही तर ओढ थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच्या बेअरिंगला बसते. चेनकिट (चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट) अर्ध्या तासात बदलतं. त्या बेअरिंगसाठी इंजिन खोलावं लागतं.

सहा हजार किलोमीटरनंतर घरघर सुरू झाली तेव्हा मी गिअरबॉक्सला नावं ठेवून कंपनीचा एक स्टार कापला होता. ढील २५ मिमी केली आणि घरघर गेली. तो स्टार गाडीला परत, सर्व्हिसमधून वजा.

मोजायची रीत: गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. चाक हाताने फिरवत चेन सगळ्यात घट्ट लागते ती जागा शोधा आणि तिथेच, खालच्या बाजूला मधोमध, पट्टी धरून वर-खाली हलवून बघा. अ‍ॅक्सल नट सैल करून दोन्ही अ‍ॅडजस्टर सारखेच फिरवा, खुणा दोन्हीकडे एकाच रेघेवर हव्यात. नट आवळताना चेन पुन्हा थोडी ताणली जाते, म्हणून शेवटी परत मोजा. ओ-रिंगवाल्या (कड्यांमध्ये रबरी रिंग असलेल्या) चेनला पेट्रोल लावू नका, रबर जातं. रॉकेल किंवा डिझेलने पुसून ९० नंबरचं गिअर ऑइल, दर ५०० किमीला.

(इंजिन ऑइल काढायच्या ड्रेन बोल्टचं वायसरही जुनंच लावतात. ऑइल पाझरलं की बोल्ट आणखी आवळतात, मग अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात. चहाच्या किमतीचं वायसर, स्वतः घेऊन जा.)

मग सर्व्हिस बघून गाडी घ्यावी का? चेन, ऑइल, ब्रेक शू यांच्यासाठी नाही; ते घरी किंवा कोपऱ्यावरच्या गॅरेजात होतं. पण एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक आलं, कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. चेक इंजिनचा दिवा लागला की त्या गाडीला चालणारा स्कॅनर हवा, आणि तो सहसा सर्व्हिस सेंटरलाच असतो. म्हणून बुकिंगआधी शोरूममधल्या सोफ्यावर बसण्याऐवजी स्पेअरच्या काउंटरवर उभे राहा. क्लच केबल आणि एअर फिल्टर आत्ता शेल्फवर आहे का? फ्युएल पंप मागवला तर किती दिवस? ‘सांगतो’ असं उत्तर आलं तर दुसरा डीलर बघा, गाडी तीच घ्या.

चेनकिट वॉरंटीत येत नाही. बेअरिंग येतं, पण तेव्हा ‘देखभाल नीट नव्हती’ हे ऐकावं लागू शकतं. म्हणून गाडी ताब्यात घेताना काउंटरवरच चेन मोजायला लावून आकडा जॉबकार्डवर लिहून घ्या, मिलिमीटरमध्ये, सहीसकट.